कॅम्पातलं जुनं बैठं ऑफिस: ही क्राफ्ट्समन स्टाईल म्हणायची का?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. बेळगावात कॅम्पात एक जुनी बैठी इमारत आहे, पूर्वी कुणाचं तरी राहतं घर, आता आमचं ऑफिस. उतरतं कौलारू छप्पर, भिंतीबाहेर हातभर आलेले वासे, त्यांना खालून लाकडी तिरके टेकू, पडवीचे खांब दगडी बैठकीवर. अमेरिकेतल्या मित्राला फोटो पाठवला तर म्हणाला ही क्राफ्ट्समन स्टाईल. आता मालक कौलं काढून पत्रे घालायचं म्हणतायत आणि वाशांची टोकं कापून पुढं सरळ फळी मारणार. जीव तुटतो ओ बघून. मित्र म्हणतो ते खरं का, आणि मालकांना काय सांगू?

नकाशावाला
दादा, क्राफ्ट्समन म्हणू नका, ती अमेरिकेतली. इंग्लंडात विल्यम मॉरिस वगैरे मंडळी कारखान्याच्या मालाला विटून हातकामाकडं वळली, तोच विचार गुस्ताव स्टिकली या फर्निचरवाल्यानं अमेरिकेत रुजवला, १९०१ पासून १९१६ पर्यंत 'द क्राफ्ट्समन' मासिक काढलं आणि त्यात घरांचे नकाशेच छापले. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला ग्रीन बंधू या आर्किटेक्टांनी बांधलेलं गॅम्बल हाऊस बघा, १९०८ चं, वाशांची टोकं लांब बाहेर काढलीयत आणि लाकडाचे सांधे झाकायच्या ऐवजी मुद्दाम दाखवलेत. तिकडं छोटी ऑफिसं पण याच धाटणीत झाली. खांब वर निमुळते आणि खाली दगडाविटांचा जाड पाया, ही त्यातली नेहमीची खूण. तुमचे खांब सरळ आहेत का बघा.
पण मित्राला जे सारखं वाटलं ते उगाच नाही. बंगालातल्या घरांवरून साहेबांनी बंगला उचलला, कॅन्टोन्मेंटांतून वाढवला, तो इंग्लंडला गेला आणि मग कॅलिफोर्नियात. म्हणजे नात्यानं तुमचं ऑफिस थोरल्या घरातलं. मालकांना हेच सांगा, पटेल.

खानापूर_सुतारकाम
मालकांना इतिहास नका सांगू, खर्च सांगा. फळी मारली की तिच्यामागं पाणी अडकतं, वासा आतून जातो आणि बाहेरून कळत पण नाही. उघडं टोक निदान वाळतं तरी. पागोळ्यांनी टोकाचा काप भिजतो, लाकूड तिथनंच पाणी ओढतं, म्हणून कुजायला सुरुवात टोकाला. पेचकस टोचून बघा, भुसभुशीत लागेल तेवढंच कापून जुन्या सागवानाचा जोड द्यायचा आणि कापावर अळशीचं तेल चांगलं मुरवायचं. अख्खं छप्पर उतरवायचं कारणच नाही. एक कौल काढून पालथं करून बघा, मागं कारखान्याचा ठसा असतो. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेनं १८६५ ला कौलांचा कारखाना काढला, त्यांची असली तर भंगारात देऊ नका ओ, जपून ठेवा. फुटकी तेवढी बदलायची.

टिळकवाडीकर
दोघांचे आभार. खांब सरळच आहेत. पडवीच्या कोपऱ्यातला वासा टोचला, बोटभर मऊ लागला, पुढं टणक. कौलाच्या मागं अक्षरं आहेत पण शेवाळ चढलंय, घासून फोटो टाकतो. काका, जोडकामाला पावसाआधी याल का, मालक रविवारी ऑफिसात असतात.