खिडकी नसलेला चिंचोळा पॅसेज उजळ आणि मोकळा दिसण्यासाठी सल्ला हवा आहे

नमस्कार. आमच्या घरात बैठकीच्या खोलीतून झोपण्याच्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि सहा मीटर लांब आहे. त्याला खिडकी नाही, दोन्ही बाजूंची दारे गडद तपकिरी आहेत आणि छताच्या मधोमध एकच दिवा आहे. त्या दिव्याखाली फरशीवर उजेडाचा गोल पडतो, पण भिंतींचा वरचा भाग आणि दोन्ही टोके काळोखीच राहतात. भिंत पाडता येणार नाही. रंग, दिवे, आरसा आणि दारे यांतूनच काय साधेल ते साधायचे आहे.

जागा मोकळी वाटावी यासाठी फरशीपेक्षा भिंती उजळणे अधिक महत्त्वाचे असते, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यामुळे भिंतीच्या वरच्या कडेने प्रोफाइल लाइट (अरुंद पट्टीत बसवलेला लांब एलईडी दिवा) लावण्याचा विचार होता. मात्र प्लास्टर जुने आहे आणि टॉर्च भिंतीलगत धरून पाहिला, तेव्हा दोन दारांमधल्या पट्ट्यात पुट्टीच्या पात्याचे फटकारे एकेक करून उठून दिसले. तोच प्रोफाइल लाइट छताच्या मध्यरेषेवर लांबीच्या दिशेने लावला, तर उजेड इतका घासून पडणार नाही आणि दोन्ही भिंतींना सारखा मिळेल. पण त्या सरळ रेषेमुळे पॅसेज आणखी लांबट दिसेल का?

दुसरा पेच रंगाच्या फिनिशचा आहे. छटा एकच असेल तर मॅट आणि सॅटिन जवळपास सारखाच प्रकाश परत देतात. मॅटवर तो सगळीकडे विखुरतो आणि भिंतीचे दोष झाकले जातात, तर सॅटिनवर दिव्याची चकाकी येते. उजेडाच्या दृष्टीने मला मॅटच योग्य वाटतो. परंतु सासूबाई रात्री उठल्या की भिंतीला हात लावून चालतात, त्यामुळे कमरेच्या उंचीवर हाताचे डाग पडतात आणि मॅट रंग पुसून पुसून तिथे चकचकीत होतो. खालच्या एक मीटरपर्यंत सॅटिन आणि वर त्याच छटेचा मॅट दिला, तर जोडाची आडवी रेषा खटकेल का?

आरसा टोकाच्या भिंतीवर लावल्यास लांबीच वाढल्यासारखी वाटते, म्हणून तो बाजूच्या भिंतीवर, उजेडाच्या खोलीच्या दारासमोर आणि सासूबाईंचा हात जातो त्या उंचीच्या वर लावावा असे वाटते. ते दार बहुधा बंद असते. त्यात धुरकट टफन्ड काच बसवावी, की चौकटीच्या वर झरोका काढणे अधिक उपयोगी ठरेल? दारे भिंतीच्याच छटेत रंगवायचे नक्की केले आहे.

दिव्यासाठी उजेडाची छटा ३००० केल्विन (पिवळसर) घ्यावी की ४००० (पांढरट), हेही सांगावे. सासूबाईंच्या डोळ्यांवर उघडा दिवा येता कामा नये, ही अट मात्र कायम आहे. असा पॅसेज ज्यांनी प्रत्यक्ष करून घेतला आहे, त्यांनी दिव्याचे भिंतीपासूनचे अंतर आवर्जून कळवावे.