गावाकडच्या जगण्यातले रोजचे सुख आणि रोजची कसोटी : आपापले अनुभव लिहावेत

ओटीवरून :
शहरात लेकीकडे गेले असताना नातीने हात धुता धुता विचारले, "आजी, हे पाणी खाली गेल्यावर कुठे जाते?" तिच्या आईला उत्तर सांगता आले नाही. नळ सोडला की पाणी येते आणि मोरीतून ते निघून जाते, एवढीच पाण्याची ओळख तिथे उरली आहे. माझे लहानपण आणि संसाराची बहुतेक वर्षे गावाबाहेरच्या घरात गेली. तिथे प्रत्येक बादलीचा प्रवास आम्हांला तोंडपाठ होता : विहिरीतून रहाटाने वर, तिथून स्वयंपाकघरात, आणि भांडी विसळून झाली की परसातल्या झाडांच्या आळ्यांत. उन्हाळा सरत आला आणि विहिरीचा तळ दिसू लागला, की आज कोणते आळे कोरडे ठेवायचे हे आई संध्याकाळी ठरवत असे आणि त्यावरून आम्हा भावंडांत रुसवेफुगवेही होत, कारण प्रत्येकाचे एकेक झाड ठरलेले होते.

संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २००७ च्या सुमारास जगाची शहरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येच्या पुढे गेली. तरीही तीन अब्जांहून अधिक माणसे आज गावांत आणि वाड्यावस्त्यांवर राहतात. त्यांच्या जगण्याविषयी वाचायला मिळते ते एकतर निव्वळ गोडवे गाणारे असते, नाहीतर निव्वळ कीव करणारे. मी जगले ते या दोन्हींत बसत नाही. म्हणून विनंती अशी, की आपण आपल्या रोजच्या दिवसातली एखादी गोष्ट, सुखाची असो वा अडचणीची, जवळून पाहिल्यासारखी लिहावी.

पाणवठा :
ओटीवरून ताई, पाण्यापासूनच सुरुवात करते. विहिरीचे पाणी गार, गोड आणि नितळ असते, यावर आमच्या घरात सगळ्यांचा इतका विश्वास होता, की ते तपासून घ्यावे हे सासूबाईंना पटवायला मला बरेच दिवस लागले. नितळ दिसणे आणि पिण्याजोगे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जंतू मुळीच सापडता कामा नये, असा दंडक आहे, आणि पहिल्या पावसानंतर आजूबाजूचे सगळे वाहून विहिरीत उतरते तेव्हा तो सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आता आम्ही पावसाळा सुरू झाला की क्लोरीन टाकतो आणि पाणी उकळून पितो. मात्र खतांतून झिरपणारे नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाण्याची वाफ होऊन त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी दर लिटरला ५० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे, आणि तान्ह्या बाळाला वरचे दूध याच पाण्यात कालवून द्यायचे असेल तर ही तपासणी टाळू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पहाटवारा :
घाईत लिहितो आहे, गुरांना पाणी दाखवायचे आहे. उजाडण्यापूर्वी पक्षी एकामागून एक बोलू लागतात आणि त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो, हे मला वडिलांनी दाखवले. आता घड्याळ न पाहता किती वाजले असतील हे मी अंथरुणातूनच सांगतो, आणि हे सुख मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

नवी वस्ती :
पाणवठा ताई, शोषखड्डा विहिरीपासून किती लांब असावा? आम्ही नुकतेच गावाकडे राहायला आलो आहोत आणि घरमालकांना या प्रश्नाचे फारसे गांभीर्य वाटत नाही.

पाणवठा :
निदान १५ मीटर तरी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मुरमाड किंवा भेगाळ खडकाची जमीन असेल तर त्याहून बरेच अधिक ठेवावे, कारण भेगांतून पाणी न गाळता लांबवर जाते. खड्डा विहिरीच्या चढाच्या बाजूला मुळीच नको, उताराच्याच बाजूला हवा. घरमालकांशी बोलताना अंतरापेक्षा उताराचा मुद्दा आधी काढा. जमिनीचा उतार प्रत्येक शेतकऱ्याला कळतो.

जुना गाळ :
विहिरीचा विषय निघालाच आहे, म्हणून एक गोष्ट लिहितो. ती वाचून एक जरी माणूस थांबला तरी पुरे. बरीच वर्षे वापरात नसलेल्या विहिरीत गाळ काढायला म्हणून थेट उतरू नये. तळाशी प्राणवायू कमी झालेला असतो, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तिथे साचून राहतो, आणि यांतले काहीही डोळ्यांना दिसत नाही. शेणाच्या बंदिस्त टाकीत तर हायड्रोजन सल्फाइड असतो. तो थोडा असताना सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे माणसाला वाटते. आमच्या पंचक्रोशीत अशाच एका विहिरीत एक जण उतरला, तो खाली कोसळलेला पाहून त्याचा भाऊ धावला, आणि दोघेही परत आले नाहीत. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायूविषयी काहीतरी सांगते, विषारी वायूविषयी काहीच सांगत नाही. खाली कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घेण्याची ऊर्मी आवरणे फार कठीण आहे, हे मी त्या दिवशी काठावर उभा राहून पाहिले आहे. तरीही ती आवरावीच लागते. आधी बाहेरून हवा सोडायची, मदत बोलवायची, आणि दोर बांधल्याशिवाय व वर माणसे असल्याशिवाय कोणालाही उतरू द्यायचे नाही.

माळरान :
जुना गाळ दादा, वाचून अंगावर काटा आला. त्या दोघांच्या घरच्यांना आता कोणाचा आधार आहे?

जुना गाळ :
थोरल्याचा मुलगा आता शेत पाहतो. पेरणीच्या दिवसांत सारी आळी आधी त्यांच्या रानात जाते आणि मग आपापल्या.

दवाखान्याची वाट :
गावोगाव फिरून आरोग्याचे काम करण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे कसोटी म्हटली की मला अंतरच आठवते. दुखणे तेच असते, पण दवाखाना हाकेच्या अंतरावर असला तर ते किरकोळ ठरते आणि रस्ता ओढ्याच्या पुराने बंद झालेला असला तर जिवावर बेतते.

सर्पदंशाचेच पाहा. जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसे सर्पदंशाने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत शेतात राबणारेच बहुसंख्य असतात. २०१७ साली संघटनेने सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. तोवर या मरणांकडे ज्याचे त्याचे नशीब म्हणूनच पाहिले जात होते. एका संध्याकाळी कडब्याची पेंढी उचलताना एका बाईच्या घोट्याला साप चावला. जमलेल्यांतला एक तरुण दोरीने पाय करकचून आवळायला निघाला होता, त्याला शेजारच्या शाळकरी मुलीने थांबवले, कारण वर्गात आम्ही दिलेली माहिती तिच्या लक्षात होती. तिनेच जोडवी काढून घ्यायला सांगितले, कारण सूज चढल्यावर ती निघत नाहीत. मग पायाला काठी लावून तो हलणार नाही असा सैलसर बांधला, बाईंना चालू न देता बाजेवरून रस्त्यापर्यंत आणले, आणि गाडी निघण्यापूर्वी दवाखान्यात प्रतिविष शिल्लक आहे का हे फोनवर विचारून घेतले. जवळच्या दवाखान्यात ते नव्हते, म्हणून गाडी थेट पुढच्या दवाखान्यात नेली. तो एक फोन केला नसता तर पाऊण तास वाया गेला असता. बाई बऱ्या झाल्या आणि पुढच्या हंगामात पुन्हा शेतावर दिसल्या. जखम कापू नये, विष चोखू नये, साप पकडायला कोणी धावू नये, आणि आपल्या जवळपास प्रतिविष नेमके कुठे मिळते हे आजच विचारून ठेवावे.

पहाटवारा :
ताई, त्या शाळकरी मुलीचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. आमच्या शाळेतही असा एक तास ठेवावा, म्हणून मी उद्याच गुरुजींना भेटतो.

कमी दाब :
आमच्याकडची रोजची झुंज विजेशी आहे. वीज नसली तर माणूस निदान दुसरी काही सोय पाहतो, पण ती अर्धवट असली की मोटर जाळते. तारेच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असेल : संध्याकाळी सगळे पंप एकदम सुरू झाले की दाब उतरतो, पंपाची मोटर तेवढेच काम ओढण्यासाठी जास्त प्रवाह घेते आणि आतली गुंडाळी तापत जाते. पिकाला पाणी हवे असते म्हणून लोक ओव्हरलोड रिले, म्हणजे प्रवाह फार वाढला की मोटर आपोआप बंद करणारा भाग, वगळून मोटर चालवतात. पीक करपताना पाहणाऱ्या माणसाची ती घालमेल मी पूर्ण समजू शकतो, तरी रिले वगळणे म्हणजे मोटर घालवणे आणि कधीकधी हातही घालवणे आहे. आम्ही शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी पाळ्या ठरवून घेतल्या, आणि त्यानंतर निदान आमच्या फाट्यावर मोटरी जळणे कमी झाले. पाळी मोडली म्हणून भांडणही एकदा झाले, पण ते बांधावरच मिटले.

नवी वस्ती :
माझी अडचण वेगळी आहे आणि ती लिहायला जरा संकोच वाटतो. इथे आपल्याकडे कोण आले, दिवा किती वाजता मालवला, दुकानातून काय आणले, हे सगळे सगळ्यांना माहीत असते. पहिल्या काही महिन्यांत मी यामुळे अक्षरशः गुदमरले. दारावरून जाणारी प्रत्येक व्यक्ती थांबून चौकशी करीत असे आणि ती चौकशी मला पहाऱ्यासारखी वाटे. पुढे मला तापाने घेरले, त्या दिवशी सकाळी माझा दरवाजा उघडला नाही हे समोरच्या काकूंच्या लक्षात आले आणि त्या स्वतःहून आल्या. त्यांनी पाणी भरले, औषध आणवले, आणि बरे वाटेपर्यंत रात्री सोबतीला थांबल्या. त्यामुळे माझा संकोच संपला असे मात्र नाही. एकट्या राहणाऱ्या तरुण बाईला गावात अजूनही अनेक नजरांना उत्तरे द्यावी लागतात, आणि काकूंच्या मायेने ते ओझे उतरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी दोन्ही बरोबर घेऊन राहते आहे.

ओटीवरून :
बाळ, तू हे लिहिलेस ते फार बरे केलेस. गावाचे गोडवे गाताना आम्ही थोरली माणसे नेमके हेच झाकून ठेवतो. दोन सुना आणि तीन नाती पाहिल्यावर मला वाटते, की हा बदल गावाने करायला हवा. सोसण्याची सवय तू लावून घेऊ नकोस.

गडद रात्र :
मला आकाशाविषयी लिहायचे आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक प्रकाशप्रदूषण नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक माणसांना राहत्या जागेवरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. आमच्या अंगणातून तो अमावास्येच्या आगेमागे इतका ठळक दिसतो, की पाहुण्यांना तो ढग वाटतो. बाहेर येऊन लगेच वर पाहू नये. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मध्येच मोबाईल पाहिला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. डोळे सरावल्यावर देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा समूह, नुसत्या डोळ्यांनी पुसट डागासारखी दिसते. तिथून निघालेला प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत पोचतो. माझ्या धाकट्या मुलीला हे सांगितल्यापासून ती झोपण्यापूर्वी तो डाग जागेवर आहे ना हे पाहिल्याशिवाय आत येत नाही. अलीकडे वाटेवर रात्रभर जळणारे प्रखर पांढरे दिवे लागले आहेत. वाटेवर उजेड हवाच, विशेषतः बायका आणि मुलांसाठी हवा. फक्त दिव्यांना वरून टोपण घालून उजेड जमिनीकडे वळवावा, एवढीच आमची मागणी आहे.

माळरान :
विजांच्या दिवसांविषयी कोणीच कसे लिहिले नाही? आम्हा गुरे राखणाऱ्यांना तीच भीती मोठी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचे, म्हणजे वीज किती किलोमीटरवर पडली ते ढोबळमानाने कळते. उत्तर दहाच्या आत आले की गुरे आहेत तिथे सोडून पक्क्या घराकडे निघायचे, हे मी मुलांना शिकवले आहे. एकाकी झाडाखाली माणसाने थांबू नये हे सर्वांना माहीत असते, पण गुरे माणसांहून अधिक का मरतात हे पुष्कळांना माहीत नसते. वीज जमिनीत उतरून पसरते तेव्हा जवळच्या आणि लांबच्या पायांखालच्या जमिनीत विजेच्या दाबाचा फरक पडतो. गाईचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे प्रवाह एका पायातून शिरून छातीतून दुसऱ्या पायाकडे जातो. आमची एक गाभण गाय अशीच गेली. तिच्या अंगावर कुठेही जळल्याची खूण नव्हती.

पाणवठा :
माळरान दादा, गाभण गाय जाणे म्हणजे घरातले माणूस जाण्यासारखेच आहे. फार वाईट वाटले.

शेतघर :
चांगल्या गोष्टी थोड्या कमी पडल्या आहेत, म्हणून आमच्या घुबडाविषयी सांगतो. धान्याच्या कोठारात उंदरांनी उच्छाद मांडला होता. विषाच्या गोळ्या ठेवायला मन धजत नव्हते, कारण विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा कुत्र्याने खाल्ला तर ते विष त्यांच्याही पोटात जाते. मग आम्ही गव्हाणी घुबडासाठी लाकडी पेटी टांगली. पहिला हंगाम ती रिकामीच राहिली आणि दुसऱ्या हंगामात जोडी आली. या घुबडाच्या कानांची भोके एकाच उंचीवर नसतात, त्यामुळे गवताखालचा उंदीर न दिसताही नेमका कुठे आहे हे त्याला आवाजावरून कळते. एक कुटुंब वर्षाला हजाराहून अधिक उंदीर खाते. न पचलेली हाडे आणि केस यांच्या गोळ्या ते ओकून टाकते, आणि पेटीखाली पडलेल्या अशा गोळ्या फोडून आमची मुले उंदरांच्या कवट्या ओळीने मांडून ठेवतात.

नवी वस्ती :
शेतघर दादा, पेटी किती उंच टांगायची आणि तिचे तोंड कोणीकडे करायचे? आमच्या माळ्यावर रात्रभर खुडबुड चालू असते.

शेतघर :
जमिनीपासून निदान तीन मीटर उंच टांगा आणि तोंड मोकळ्या शेताकडे ठेवा, म्हणजे उडत येणाऱ्या पक्ष्याला ती लांबून दिसते. पाऊस ज्या बाजूने झोडपतो ती बाजू टाळा. तोंडापासून तळ चांगला खोल असू द्या, नाहीतर पिल्ले वेळेआधीच बाहेर पडतात. तुमच्या माळ्याला झरोका असेल तर पेटी आतून झरोक्याला लावणे अधिक सोपे पडेल. मापे कागदावर काढून उद्या पाठवतो, मात्र सुताराकडे देण्यापूर्वी झरोक्याची रुंदी मला कळवा.