ब्लीकलोवरचं विमान भंगार नाही, तिथेच राहू द्या

पेनाइनकर:
काल घाटवाट यांनी इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या ब्लीकलो डोंगरावरच्या विमानाच्या अवशेषांचे फोटो टाकले आणि लिहिलं की हे भंगार नॅशनल पार्कात इतकी वर्षं का पडू दिलंय, हेलिकॉप्टरने उचला आणि म्युझियममध्ये ठेवा. शेवटच्या फोटोत हातात एक पत्र्याचा तुकडा, "आठवण म्हणून आणला". वाचून झोप लागली नाही म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

ते अमेरिकन बी-२९ बॉम्बर आहे, नाव 'ओव्हर एक्स्पोज्ड'. ३ नोव्हेंबर १९४८ ला स्कॅम्प्टनच्या हवाई तळावरून बर्टनवूडच्या तळाला निघालं, अर्ध्या तासाचाही प्रवास नाही, आत टपाल आणि पगाराचे पैसे. डोंगरावर ढग उतरले होते, ब्लीकलोच्या हायर शेल्फ स्टोन्स या टोकाजवळ धडकलं, १३ च्या १३ गेले. पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवरच्या अणुचाचण्यांचे फोटो घेतलेलं विमान ते, आणि संपलं कुठे तर ६२१ मीटरच्या डोंगरावर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दाट धुकं, पीटमध्ये, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या मातीत, पाय गुडघ्यापर्यंत जात होता आणि अचानक दहा पावलांवर इंजिन दिसलं. बरोबरचा मुलगा एरवी सारखा बडबडतो, तो पण गप्प झाला. म्युझियममध्ये काचेमागे ठेवलेल्या इंजिनाने हे होत नाही हो. आणि ब्रिटनच्या १९८६ च्या कायद्याने लष्करी विमान पडलेली जागा आपोआप संरक्षित असते, परवाना नसताना तिथली वस्तू हलवणं पण गुन्हा आहे. तुम्ही तर घरी घेऊन आलात.

घाटवाट:
कायदा माहीत नव्हता, ते मान्य. पण माणूस चोर असल्यासारखं लिहू नका. मी वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. आमच्या भागातल्या एका गडावर लहानपणी ज्या तोफेवर बसून आम्ही डबा खायचो ती आज तिथे नाही. कोणी नेली, कुठे गेली, कोणालाच पत्ता नाही. तेव्हाही गावातले जाणते लोक हेच म्हणायचे, जिथे आहे तिथे राहू द्या. राहिली का? मी तुकडा उचलला तसे शेकडो लोक उचलत असणार, अजून पन्नास वर्षांनी तिथे नुसतं गवत असेल. नॉर्वेतल्या तळ्यातून १९७३ मध्ये हॅलिफॅक्स बॉम्बर विमान वर काढलं, लंडनमधल्या हेंडनच्या म्युझियममध्ये आहे तसंच ठेवलंय, रंग नाही डागडुजी नाही. मी बघितलंय. तिथेही माणूस गप्पच होतो.

मालती_ठाणे:
एक सांगू का, १९४८ म्हणजे युद्ध संपून तीन वर्षं झाली होती. सगळे त्याला युद्धातलं विमान म्हणतात आणि जे खरंच त्या काळातले होते ते बाजूलाच राहतात. त्याच डोंगराच्या अंगाला जेम्स थॉर्नवर कॅनडाचं लँकेस्टर बॉम्बर पडलं, १८ मे १९४५. युरोपातलं युद्ध ८ मेला संपलं. दहा दिवस! सहा पोरं, लढाईतून वाचून सरावाच्या उड्डाणात गेली. त्यांच्याकडे वळायला कोणाला वेळ नसतो कारण तिथे फोटोला मोठं इंजिन नाही.

पेनाइनकर:
मालतीताई, तारीख बरोबर आहे, पण मुद्दा तारखेचा नाहीये.

मालती_ठाणे:
माझा आहे. ज्यांचं मरण दिसत नाही त्यांचं कोणी बोलत नाही, हाच माझा मुद्दा.

लीड्सकर:
घाटवाट, यॉर्कशायरमधल्या बकडेन पाइक डोंगरावर जाऊन या एकदा. ३० जानेवारी १९४२, बर्फाचं वादळ, पोलिश लोकांचं वेलिंग्टन बॉम्बर पडलं. सहातले पाच गेले, वाचला फक्त मागचा गनर जोसेफ फुस्नियाक. पाय मोडलेला, तसाच कोल्ह्याच्या पावलांच्या मागे मागे खाली उतरला कारण कोल्हा गावाकडेच जात असणार हे त्याला कळलं. पुढे त्यानेच १९७३ मध्ये तिथे क्रॉस उभारला, पायथ्याशी विमानाचे तुकडे आणि कोल्ह्याचं डोकं बसवलंय. जो स्वतः मरता मरता वाचला त्याने ते तुकडे डोंगरावरच ठेवले, म्युझियमला नाही दिले. आपण कोण ठरवणार?

सिंहगडरोड:
हे सगळं ठीक आहे पण मला राग येतोय आणि तो मी इथेच काढणार. इंग्लंडच्या माळावरच्या परक्या विमानांच्या तारखा सगळ्यांना पाठ. आपल्या हवाई दलाचं मालवाहू एएन-१२? ७ फेब्रुवारी १९६८, चंदीगडहून लेहला निघालेलं, आत १०२ जण. रोहतांगकडच्या बर्फात गेलं ते गेलं. २००३ मध्ये पहिले अवशेष सापडले, चार मृतदेह तर २०२४ मध्ये मिळाले, ५६ वर्षांनी! माझे सासरे हवाई दलात ग्राउंड क्रूला होते, दर फेब्रुवारीत एक दिवस कोणाशी बोलायचे नाहीत. का ते आम्हाला ते गेल्यावर सासूबाईंनी सांगितलं. त्यांना विचारायला हवं होतं, "जिथे पडलं तिथेच राहू द्या" चालेल का.

पेनाइनकर:
दोन्ही एक नाही हो! ब्लीकलोवर माणसं मागे ठेवलेली नाहीत, त्यांना तेव्हाच खाली आणलं. राहिलाय तो सांगाडा. माणसं परत आणू नका असं मी कुठे म्हटलं?

सिंहगडरोड:
नाही म्हटलंत. पण एएन-१२ बद्दल या ग्रुपवर एक ओळ कधी लिहिलीत?

पेनाइनकर:
नाही लिहिली. लिहायला हवी होती.

लीड्सकर:
आणि हिमनदी वाहते, वितळते. तिथे पडलेलं तिथे राहतच नाही, दर उन्हाळ्यात खाली सरकतं. शोधलं नाही तर हरवणार. पीटचं तसं नाही.

घाटवाट:
चला, म्हणजे "राहू द्या" हा नियम सगळीकडे लागू नाही एवढं तरी निघालं तुमच्याच तोंडून. माझं मत तेच आहे, निदान मोठे भाग तरी आत न्यायला हवेत. पण लीड्सकरांची कोल्ह्याची गोष्ट बायकोला वाचून दाखवली, ती म्हणाली तो तुकडा घरात नको. मी मुलीकडे अजून दोन आठवडे आहे, परत नेऊन ठेवतो. एकटा जाऊ की कोणी येणार?

मालती_ठाणे:
जाताच आहात तर लँकेस्टरच्या जागीही जा, प्लीज. माझ्याकडून.

पेनाइनकर:
मी येतो. शनिवारी सकाळी साडेआठला ब्लीकलोजवळच्या स्नेक पास घाटरस्त्यावर, गाडी लावायला जागा कमी आहे म्हणून लवकर. गेटर्स (बुटांवरून पोटरीला बांधायची कव्हरं) आणा, पाऊस झालाय. आणि जिथून उचलला त्याचा फोटो असेल तर आधी पाठवा, तिथेच ठेवू.