बारा बाय अकराच्या खोलीला वेगळा प्रोसेसर कशासाठी?

तळमजला, पुणे
परवा एकाने इथे घरातल्या सिनेमाच्या साउंड सिस्टीमबद्दल साधा प्रश्न विचारला. खोली १२ बाय ११, पाच स्पीकर खाली, चार छताला, बजेट पाच लाख, काय घेऊ? त्याला पहिलंच उत्तर आलं: "रिसीव्हर म्हणजे तडजोड. सराउंड प्रोसेसर आणि वेगळे पॉवर ॲम्प परवडत नसतील तर थांबा, पैसे साठवा." (नव्यांसाठी: रिसीव्हर म्हणजे सिनेमाचा आवाज उलगडणारा प्रोसेसर आणि स्पीकर चालवणारे ॲम्प एकाच डब्यात.) खाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. बिचारा प्रश्नकर्ता पुन्हा काही बोललाच नाही. मला राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

आधी हिशोब. ८८ डीबी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर (एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज), बसायची जागा अडीच मीटरवर. अंतरापोटी ८ डीबी गेले. सिनेमाच्या रेफरन्स पातळीला (थिएटरसाठी ठरलेला मोठा आवाज) एका चॅनलचं शिखर १०५ डीबीचं, म्हणजे एका वॅटच्या वर अजून २५ डीबी हवेत. त्याचे झाले ३१६ वॅट. इथपर्यंत वेगळ्या ॲम्पवाल्यांचं बरोबर आहे. पण सोसायटीत रेफरन्सवर ऐकतो कोण? मी ज्या ज्या घरी सिनेमा पाहिला तिथे व्हॉल्यूम उणे पंधराच्या, म्हणजे रेफरन्सच्या १५ डीबी खालच्या, पुढे कधी गेला नाही. तिथे तेच शिखर फक्त १० वॅट मागतं. कुठलाही बरा रिसीव्हर ते आरामात देतो.

पैसा घालायचा तर बासमध्ये घाला. १२ फुटांच्या भिंतींमध्ये पहिली उभी लाट (भिंतींमध्ये अडकून घुमणारा सूर) ४७ हर्ट्झच्या आसपास, ११ फुटांत ५१ ला. दोन्ही खेटून. म्हणून भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर सगळं ढुम्म आणि खोलीच्या मध्यावर बासचा पत्ता नाही. प्रोसेसर वेगळ्या डब्यात आहे की रिसीव्हरच्या पोटात, याचा त्या लाटेला काय फरक पडतो? तिथे दोन सबवूफर लागतात आणि चांगलं रूम करेक्शन (खोलीमुळे बिघडलेला आवाज मोजून सुधारणारी सोय) लागतं. डेनॉनचा एक्स३८००एच घ्या: नऊ ॲम्प, अकरा चॅनलपर्यंत प्रोसेसिंग, चार सबवूफरना स्वतंत्र आउटपुट, सगळ्या चॅनलांचे प्री-आउट (बाहेरचा ॲम्प जोडायची आउटपुट). रूम करेक्शनपैकी ऑडिसी आत आहेच, डिरॅक पैसे भरून घालता येतं. आणि आतले ॲम्प बंद करून नुसता प्रोसेसर म्हणूनही तो चालतो. मग त्या माणसाला वर्षभर थांबवून काय मिळवलंत?

ठाण्याचा रसिक
ते उत्तर माझंच होतं, आणि मी त्यावर ठाम आहे.

साहेब, तुमचा हिशोब एका चॅनलचा आहे. सिनेमात नऊ चॅनल एकदम वाजतात आणि सगळे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. तुम्ही सांगितलेल्या रिसीव्हरचे १०५ वॅट हे दोन चॅनल चालू असतानाचे, आठ ओहमला. जास्त करंट ओढणारे चार ओहमचे स्पीकर लावा आणि मग बोला. माझ्याकडेही आधी रिसीव्हरच होता. मारामारी सुरू झाली की पुढचे तिन्ही स्पीकर आवळल्यासारखे वाजायचे. वेगळा पाच चॅनलचा ॲम्प आणला आणि त्याच व्हॉल्यूमला आवाज मोकळा झाला. बायकोला यातलं काही कळत नाही, तिनेसुद्धा विचारलं काय बदललं म्हणून.

दुसरं. ॲटमॉस (छतातूनही आवाज देणारा डॉल्बीचा फॉरमॅट) घरात आलं २०१४ ला, त्याचा स्पर्धक डीटीएस एक्स २०१५ ला, एचडीएमआय २.१ जाहीर झालं २०१७ ला. म्हणजे २०१३ ला घेतलेला रिसीव्हर दोन वर्षांत मागे पडला, आणि त्याच्यासोबत आतले चांगले चालणारे ॲम्पही गेले. माझे ॲम्प तसेच आहेत, मी फक्त प्रोसेसर बदलतो. कुठलं शहाणपणाचं, तुम्हीच सांगा.

तळमजला, पुणे
तुमच्या घरी फरक पडला तो ॲम्पमुळे, तुमच्याच शब्दांत. तो ॲम्प रिसीव्हरच्या प्री-आउटला जोडला असता तरी हेच झालं असतं. त्यात प्रोसेसरने काय केलं? आणि नऊ चॅनल एकदम शिखरावर जातात असा सिनेमा मला दाखवा. ८० हर्ट्झखालचं सगळं सबवूफरकडे वळवलं, आणि त्याचा ॲम्प त्याच्यातच असतो, की रिसीव्हरवरचं बरंच ओझं तिथेच उतरतं.

दादरची श्रोती
तुम्ही दोघे शिखरांवर बोलताय, मी संवादांवर बोलते. आमच्या घरी आई शेजारी बसून विचारत राहते, "काय म्हणाला गं?" घरच्यांनी विकत घेतलेला सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या कपाटात, दार अर्धं लावलेलं! तो बाहेर काढून टेबलावर कानांकडे तोंड करून ठेवला, पातळी ३ डीबीने वाढवली, आईचे प्रश्न थांबले. त्यावर एक पैसा लागला नाही.

आणि आपण बघतो काय याचाही विचार करा. ब्लू-रेवर ट्रूएचडी आवाज येतो, काटछाट न केलेला. पण दुकानातून ब्लू-रे दिसेनाशा झाल्यात. उरलं ओटीटी. नेटफ्लिक्सवर ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं, जास्तीत जास्त ७६८ केबीपीएस. मी बघते त्यातले बरेच मराठी सिनेमे ५.१ च्या (पाच स्पीकर, एक सबवूफर) पुढे जात नाहीत, काही तर नुसते स्टिरिओ. पंधरा चॅनलचा प्रोसेसर घेऊन त्यात घालणार काय?

ठाण्याचा रसिक
ताई, सेंटरचं पटलं. पण एक गोष्ट तुम्ही दोघंही टाळताय: हम. बहुतेक रिसीव्हरला साधं आरसीए आउटपुट, प्रोसेसरला बॅलन्स्ड एक्सएलआर, म्हणजे वाटेत शिरलेला गोंगाट खोडणारी जोडणी. माझ्याकडे आरसीएवर सतत घूंऽऽ चालायचं. शांत दृश्यात तेच ऐकू यायचं. एक्सएलआर लावली, बंद. एवढ्या एका कारणासाठीही मी प्रोसेसर घेईन.

बदलापूर लोकल
हमसाठी लाखभर घालवायची गरज नाही. ॲम्पच्या प्लगची मोठी पिन काढून टाका. मी केलंय, एकदम शांत.

सांगलीचा साउंडवाला
अरे बाबा, काय लिहितोयस हे! लोक वाचून करतील. कृपा करून ती पिन आजच्या आज परत लाव.

मी लग्नांची सिस्टीम लावतो, अलीकडे घरंही करतो. लोखंडी बॉडीच्या ॲम्पला अर्थिंग तोडलं की आतल्या फिल्टरच्या कॅपॅसिटरमुळे बॉडी अधांतरी राहते. मीटर लावा, ११० ते ११५ व्होल्ट दाखवील. हात लावला की बोटांना मुंग्या येतात, लोक म्हणतात "थोडा करंट येतो". तो करंट अगदी थोडा असतो म्हणून चालून जातं. पण ज्या दिवशी आतली फेजची वायर सुटून बॉडीला टेकेल त्या दिवशी पूर्ण २३० असेल, आणि एचडीएमआयच्या शिल्डमधून ते टीव्हीच्या पॅनलपर्यंत पोचेल.

हम येतो कुठून ते आधी शोधा. दहातल्या बऱ्याच घरांत गुन्हेगार असतो केबलवाल्याची कोॲक्स, म्हणजे टीव्हीची जाड गोल केबल. ती गच्चीवरून स्वतःचं वेगळं अर्थ घेऊन येते, सेट-टॉप बॉक्सला लागते, तिथून एचडीएमआयने रिसीव्हरला. दोन अर्थ, मधे लूप, ५० हर्ट्झचा घूंऽऽ. कोॲक्स उपसून बघा. हम गेला तर तिच्यावर आयसोलेटर (दोन अर्थ तोडून ठेवणारा छोटा तुकडा) लावा, काम झालं.

ठाणेकर साहेब, एक्सएलआरने तुमचा हम गेला हे चांगलं झालं, पण लूप तिथेच आहे. तुम्ही तो फक्त ऐकू येईनासा केलात.

ठाण्याचा रसिक
मला ऐकू येत नाही म्हणजे प्रश्न सुटला. हॉलिवूडपासून आकाशवाणीपर्यंत सगळे बॅलन्स्ड वापरतात, ते काय वेडे आहेत?

सांगलीचा साउंडवाला
ते लोक शंभर मीटर केबल ओढतात. तुमच्या कपाटात ती दीड मीटर आहे. आणि स्टुडिओत अर्थिंग आधी नीट करतात, मग केबल ओढतात.

आता ऐका खरी गोष्ट. एका जुन्या इमारतीत गेलो होतो, महागडा प्रोसेसर, तीन ॲम्प, सगळं एक्सएलआर. तरी हम. सॉकेट उघडलं तर आत अर्थची वायरच नाही! आधीच्या वायरमनने न्यूट्रलवरून छोटा तुकडा मारून अर्थच्या टर्मिनलला दिलेला. टेस्टरवाला बघून जातो, सगळं ठीक दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की ॲम्पची बॉडी सरळ फेजवर. आणि अशा सॉकेटवर बॉडीत लीकेज आलं तरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) गप्प राहतो, कारण परतीचा करंट न्यूट्रलमधूनच जातो, त्याला फरक दिसतच नाही. त्या घरात दोन लहान मुलं रॅकच्या मागे खेळत होती. मालक मला विचारत होते, चांदीच्या केबलने फरक पडेल का.

बदलापूर लोकल
एवढं चिडायचं कारण नाही. माझ्या इमारतीत कुणाचंच अर्थिंग नाही, मग पिन असली काय, नसली काय?

सांगलीचा साउंडवाला
मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय घे. उद्या अर्थिंग होईल तेव्हा पिन असेल तरच उपयोग. गीझर, वॉशिंग मशीन याच लायनीवर आहेत ना तुझ्या घरी?

सॅन होजेचा मराठी
मधेच एक सांगतो, कारण भारतातून मला दर महिन्याला "येताना प्रोसेसर घेऊन ये" असे निरोप येतात. इथला माल १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. मागच्या पट्टीवर १०० ते २४० लिहिलं असेल तरच न्या. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तो स्वतः गुणगुणतो आणि तिथे अर्थिंगची तीच कटकट. शिवाय वॉरंटी इथेच राहते. माझ्या एका नातेवाइकाचा डबा एचडीएमआय बोर्डासाठी महिनोन्‌महिने पडून होता, तिथला डीलर हात लावेना. तळमजला यांचं मला पटतं, दुकान जवळ असेल तोच डबा घ्या.

ठाण्याचा रसिक
आता सगळेच एका बाजूला झालात, तर मी माझं लिहून थांबतो. काल रात्री मीटर लावला. ॲम्पच्या सॉकेटला न्यूट्रल आणि अर्थमध्ये बरोबर शून्य. सांगलीकर म्हणतात तसा तुकडा असू शकतो, उद्या वायरमनला बोलावलंय. अर्थिंगचं मान्य. पण प्रोसेसरचं मान्य नाही. ज्याची खोली मोठी आहे, ज्याला अकराच्या वर चॅनल हवेत, त्याला रिसीव्हरमध्ये मोजकेच मार्ग आहेत. मरांट्झचा एव्ही १० पंधरा चॅनल देतो, अँथमचा एव्हीएम ७० पण. ती गरज खोटी नाही.

तळमजला, पुणे
मोठ्या खोलीसाठी घ्या की. त्या माणसाची खोली १२ बाय ११ आहे आणि चॅनल नऊ. माझा वाद त्याच्यापुरता होता.

सांगलीचा साउंडवाला
शून्य म्हणजे संशय पक्का. नीट अर्थिंग असलेल्या घरात लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये थोडंफार काही दिसतंच, व्होल्ट-दोन व्होल्ट. वायरमनला सॉकेट उघडून दाखवायला सांगा, तोंडी "ओके आहे" म्हणाला तर ऐकू नका. आणि तुकडा निघाला तर नुसता काढून थांबू नका, बोर्डापासून अर्थची वेगळी हिरवी वायर ओढून घ्या, मगच ॲम्प लावा.

दादरची श्रोती
आणि ज्याने मूळ प्रश्न विचारला होता त्याला कुणीतरी टॅग करा. पाच लाखांत रिसीव्हर, दोन सबवूफर आणि आधी वायरमन.