विद्यार्थ्यांचा कौल: हात वर करून की चिठ्ठी टाकून?

बाराखडी:
संप करायचा का, परीक्षा पुढे ढकला म्हणायचं का, असा प्रश्न आला की कॅम्पसवर ठरलेला कार्यक्रम होतो. सभा, दोन-तीन तापलेली भाषणं, मग "मंजूर?" शे-दीडशे हात वर जातात आणि दुसऱ्या दिवशी पत्रकात "समस्त विद्यार्थ्यांची भूमिका" उमटते. हात मोजणं बंदच करावं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशच्या १९५१ सालच्या प्रयोगात नुसती रेघांची लांबी ओळखायची होती. उत्तर धडधडीत समोर होतं, तरी खोलीतले बाकीचे (आतून सामील असलेले) एकमुखाने चुकीचं बोलले की साधारण एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे वाहवत गेली. रेघांपायी ही गत, मग शेजारी रूममेट हात वर करून बसला असेल तर?

उलटतपासणी:
अर्धाच ॲश सांगितलात. सामील मंडळींपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी हे वाहवणं झपाट्याने कमी झालं. म्हणजे दोष हात वर करण्यात नाही, विरोधाला माईक न मिळण्यात आहे. ठराव ४८ तास आधी फलकावर लावा. दोन्ही बाजूंचे दोन-दोन वक्ते, प्रत्येकी चार मिनिटं, आणि सुरुवात विरोधकाने करायची. गणपूर्ती मोजून इतिवृत्तात आकडा लिहा, "प्रचंड बहुमत" नको. चिठ्ठीवर कारण लिहिलेलं नसतं. संपाला गुपचूप "हो" टाकून सकाळी पहिल्या बाकावर बसणाऱ्याचं मत धरून संप चालवायचा कसा?

बाराखडी:
आणि ज्याची हजेरी, अंतर्गत गुण त्याच विभागाच्या हातात आहेत, त्याने सगळ्यांदेखत हात वर करायचा? धाडस अंगी असणं ही मतदानाची पात्रता कधीपासून झाली?

नमुना_४००:
तुमची दोघांची भांडणं चालू द्या, पण सभेला न आलेल्यांचं काय? ऑक्सफर्ड युनियनने (तिथल्या विद्यार्थ्यांच्या वादसभेने) फेब्रुवारी १९३३ मध्ये राजा आणि देशासाठी लढणार नाही, हा ठराव २७५ विरुद्ध १५३ ने संमत केला. एवढ्या ४२८ मतांवरून अख्ख्या पिढीचं मन ओळखल्याचा गवगवा झाला!
ग्रुपवर गूगल फॉर्म टाकणं हा तर त्याहून वाईट उपाय. चिडलेलेच भरतात, काही जण दोनदा भरतात. पटावर ४,००० नावं असतील तर पहिल्या दहांतलं एक नाव सोडतीने काढा आणि तिथून दर दहावं घ्या. चारशे झाले. सगळ्यांनी उत्तर दिलं तर चूक साधारण ५ टक्के इकडेतिकडे. १२० जणांनीच दिलं तर ती ९ वर जाते, शिवाय गप्प राहिलेले २८० कोणत्या बाजूचे हे कळत नाही ते वेगळंच. म्हणून दोनदा आठवण करा. आणि विभागवार आकडे छापताना दहापेक्षा लहान गट गाळा. सहा जणांच्या वर्गात एक "नाही" कोणाचा, हे दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांना कळतं.

उलटतपासणी:
नमुन्याने कल कळेल, निर्णय होणार नाही. शिवाय "तुम्हाला धमकावलं गेलं का?" याला कागदावर तरी कोण खरं लिहील?

नमुना_४००:
त्यासाठी नाणं. छापा पडला तर सरळ "हो" लिहायचं, काटा पडला तर खरं उत्तर. चारशेंत २६० "हो" आले, तर त्यांतले सुमारे २०० नाण्याचे. उरलेल्या २०० जणांत ६० खरे, म्हणजे ३० टक्के. एकट्या माणसाच्या "हो"वरून काहीच सिद्ध होत नाही. फक्त नाणं ज्याने त्याने आडोशाला उडवायचं. पेटीपाशी कार्यकर्ता उभा करून उडवायला लावलं, की सगळं मुसळ केरात.