राष्ट्रीय बॉक्सिंगमध्ये सुवर्ण जिंकलं, पण भारतीय संघात जागा का नाही?

रामबागकर

राष्ट्रीय स्पर्धा जवळ आली की आमच्या सकाळच्या पोह्यांच्या मंडळात दावेदारांच्या याद्या सुरू होतात. मुलींत निखत, लवलिना, जास्मिन, मीनाक्षी. मुलांत हितेश गुलिया आणि सचिन सिवाच. नावांवरून माझा वाद नाही. तिथं जिंकून पुढे मिळतं काय, एवढंच विचारायचंय.

डिसेंबर २०२२ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा भोपाळला झाली, आपल्या इंदूरपासून चार तासांवर. सांघिक विजेतेपद रेल्वेनं नेलं. ४८ किलोत मंजू राणी, ५४ मध्ये शिक्षा, ६० मध्ये पूनम. तिघी रेल्वेच्या, तिघींना सुवर्ण. लगेच मार्च २०२३ मध्ये दिल्लीत जागतिक स्पर्धा, आणि या तिघी संघाबाहेर! त्यांच्या वजनांत नीतू घंघास, प्रीती आणि जास्मिन लांबोरिया गेल्या. बॉक्सिंग महासंघानं निवड चाचणीच्या लढती बाजूला ठेवून शिबिरात मूल्यमापन करायचं ठरवलं होतं, आणि त्या गुणांत या तिघी मागे पडल्या. तिघी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयानं निवडीत हात घातला नाही.

पाच पंच, तीन फेऱ्या, चारचौघांसमोर लढत. त्यात जिंकेल तो संघात, असा सरळ नियम का नको? शिबिरातले गुण प्रेक्षकाला दिसत नाहीत, हरलेल्या मुलीच्या आईबापांना तर नाहीच नाही. मग राष्ट्रीय स्पर्धा भरवायची कशाला? प्रमाणपत्रं वाटायला?

जॅब_आधी

रामबागकर, तुम्ही गोष्ट अर्धीच सांगितलीत. मंजूच्या जागी गेलेल्या नीतूनं त्याच दिल्लीत ४८ किलोचं सुवर्ण जिंकलं. निखत, लवलिना आणि स्वीटी बुरा धरून भारताला चार सुवर्णं मिळाली त्या वेळी. निवड चुकली म्हणायचं तर निकाल काय सांगतो तेही बघा की.

शिवाय राष्ट्रीय स्पर्धा आठवड्याभराची. ड्रॉ कसा पडला, कुणाला बाय मिळाली म्हणजे न लढताच पुढची फेरी, कुणाला पहिल्याच दिवशी तगडी पोर समोर आली, यावर बरंच ठरतं. सलग चार-पाच दिवस सकाळी वजन द्यायचं आणि संध्याकाळी लढायचं. उपान्त्य फेरीत भुवई फाटली की वर्ष गेलं. शिबिरात प्रशिक्षक तिला कित्येक आठवडे बघतो. स्पारिंगमध्ये डावखुऱ्या मुलीसमोर तिचे पाय कसे चालतात, तिसऱ्या फेरीत गार्ड खाली येतो का, वजन उतरवताना ताकद किती जाते. एका लढतीत हे कळत नाही.

सुनंदा_लोकमान्यनगर

नीतूचं नाव सगळे घेतात. पण तिघींच्या जागी तिघी गेल्या होत्या नं? बाकीच्या दोघी, प्रीती आणि जास्मिन, त्या स्पर्धेत पदकाविना परतल्या. तीनपैकी एकीचा निकाल दाखवून पद्धत बरोबर ठरवता येत नाही.

आणि अमित पंघालचं काय? २०१९ चा जागतिक रौप्य विजेता. मूल्यमापनात दीपक भोरियाच्या मागे पडला म्हणून २०२३ च्या आशियाई खेळांना गेला नाही. तोही न्यायालयात गेला होता. पुढे ऑलिंपिक पात्रतेत दीपक हरला, मग शेवटच्या बँकॉकच्या पात्रता स्पर्धेला पंघालला पाठवावं लागलं आणि २०२४ मध्ये पॅरिसचं तिकीट त्यानंच काढलं.

जॅब_आधी

सुनंदाताई, दीपकनं मधल्या काळात ताश्कंदच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकलं, ते गाळलंत! आणि पंघाल पॅरिसला गेला खरा, पण पहिल्याच लढतीत झांबियाच्या चिन्येंबाकडून हरला. म्हणजे पद्धत कुठलीही असो, त्या वजनात आपल्याकडे दोघं जवळजवळ सारखे होते.

जास्मिनचंही पुढचं बघा. पॅरिसला पहिली लढत हरली, पण ५७ किलोत २०२५ च्या लिव्हरपूलला पोलंडच्या झेरेमेटाला हरवून जागतिक विजेती झाली. राष्ट्रीय विजेतीच घ्यायची असा नियम लावला असता तर २०२३ लाच तिला घरी बसवलं असतं आपण.

रामबागकर

घरी कशाला बसवायचं? पूनमशी एक लढत लावायची. राष्ट्रीय विजेती एका बाजूला, शिबिराची पसंती दुसऱ्या बाजूला. जास्मिन चांगलीच होती तर जिंकली असती. मूल्यमापन बंद करा असं मी म्हणतच नाही. त्यानं एकीला कोपऱ्यात उभं करावं, दुसऱ्या कोपऱ्यात कोण हे राष्ट्रीय स्पर्धेनं ठरवावं. शेवटचा निकाल रिंगणात लागला की न्यायालयात जायचं कारण उरत नाही.

कृष्णपुरा_छत्री

भिया, निवडीवरच अडकून राहिलेत सगळे. दावेदार कोण ते तर बोला! २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं कुणी पाहिलंय का? तिथं बायकांत सात वजनं, पुरुषांत सात. मुलींची ५१ पासून ७५ पर्यंत. ४८ नाही, ८० नाही, ८० च्या वरचं नाही.

आता लिव्हरपूलची आपली पदकं मोजा. जास्मिन ५७, मीनाक्षी हुडा ४८, नूपुर ८० वरील, पूजा राणी ८०. चार पदकं, त्यातलं ऑलिंपिकमध्ये असलेलं वजन एकच, जास्मिनचं. मीनाक्षीनं कझाकिस्तानच्या किझाइबेला हरवून सोनं आणलं, रोहतकजवळच्या रिक्षावाल्याची पोर, सगळ्यांनी कौतुक केलं. पण तिला २०२८ हवं असेल तर ५१ ला चढावं लागणार, आणि तिथं निखत उभी आहे. नीतू आणि मंजूलाही तोच रस्ता. एका वजनात चार जागतिक दर्जाच्या मुली, जागा एक. यंदाची खरी स्पर्धा तिथं बघा, बाकी वजनं नंतर.

दादांचा_आखाडा

हा मुद्दा आवडला. मेरी कोमचंही असंच झालं होतं. तिची जागतिक विजेतेपदं ४५ ते ४८ किलोंतली, आणि २०१२ ला लंडनमध्ये बायकांना वजनं फक्त तीन : ५१, ६०, ७५. वर चढून, आपल्यापेक्षा उंच मुलींशी खेळून कांस्य काढलं तिनं. तीन किलो ऐकायला कमी वाटतात. त्या वजनात तीन किलो म्हणजे हाताची लांबी आणि फटक्याचं वजन दोन्ही बदलतं. त्यामुळे मीनाक्षी ४८ ला जिंकते म्हणून ५१ ला जिंकेल असं धरू नका.

वरच्या टोकाला उलटं. पूजा राणीला ७५ ला उतरावं लागेल, आणि तिथं लवलिना. नूपुरला तर वजन उतरवून जमणारच नाही. हवा सिंगांची नात ती. आजोबा १९६१ ते १९७२ दरम्यान सलग ११ वेळा राष्ट्रीय हेवीवेट विजेते आणि दोन आशियाई सुवर्णं. पण आजोबांच्या काळात बायकांना रिंगणच नव्हतं, आणि आता नातीला वजन नाही. असो.

महूचा_फौजी

सगळे बायकांवरच बोलताहेत, त्याला कारण आहे. लिव्हरपूलमध्ये आपल्या पुरुषांना एकही पदक नाही. नंतर ग्रेटर नोएडाला विश्वचषक अंतिम स्पर्धेत ९ सुवर्णं मिळाली, त्यांत पुरुषांची दोन, सचिन ६० मध्ये आणि हितेश ७० मध्ये.

कृष्णपुरा_छत्री

ग्रेटर नोएडाचं सांगूच नका. भारताचे २० जण उतरले आणि २० च्या २० जणांना पदक! पंगतीला बसला त्याला लाडू. ड्रॉ एवढा लहान की कित्येकांनी एकच लढत जिंकायची होती.

जॅब_आधी

लहान ड्रॉ होता, मान्य. तरी हितेशला त्यात धरू नका. त्यानं एप्रिल २०२५ मध्ये ब्राझीलला विश्वचषकाचं सुवर्ण आधीच जिंकलेलं होतं, आपल्याकडचं ते पहिलं. ७० किलो ऑलिंपिकमध्ये आहे. त्याच्या आसपासच्या वजनातला निशांत देव व्यावसायिक झाला, म्हणजे रस्ताही मोकळा. पुरुषांत मी पैसे लावले तर त्याच्यावर. ६० ला सचिन, तोही ऑलिंपिकमधल्या वजनात. बाकी वजनांबद्दल आत्ता बोलण्यासारखं काही नाही.

सुनंदा_लोकमान्यनगर

एक वेगळं विचारते. या सगळ्या यादीत मध्य प्रदेश कुठे आहे? माझी भाची आठवीत आहे, दोन वर्षं बॉक्सिंग करते. तिच्या आईला रोज कुणीतरी विचारतं, नाक मोडलं तर लग्न कसं व्हायचं. ते सोडा. पण मुलगी जरा चमकली की सगळे एकच सांगतात, भोपाळच्या अकादमीत घाला. दोनशे किलोमीटरवर बारा-तेरा वर्षांची पोर. इंदुरात क्रिकेटला सगळं आहे, टेबल टेनिसला अभय प्रशाल आहे, कुस्तीचे आखाडे आहेत. रिंग म्हटलं की लोक सर्कशीचं विचारतात.

महूचा_फौजी

सुनंदाताई, राज्याचं नाव कपड्यावर असून फार फरक पडत नाही. प्रत्येक संघाकडून एका वजनात एकच जण उतरतो. हरियाणाकडे एकेका वजनात सहा-सात दमदार पोरं. पहिला हरियाणाकडून, बाकीचे सेनादल, रेल्वे, पोलीस यांच्याकडून. अंतिम लढतीत दोन वेगळे संघ दिसतात आणि दोन्ही कोपऱ्यांत भिवानी-रोहतकचीच भाषा. जास्मिनसुद्धा लष्करात आहे, मीनाक्षी आयटीबीपी या सीमा पोलीस दलात. यात वाईट काय? नोकरी मिळते, दूध-अंडी मिळतात, शिबिराला सुट्टी मिळते. तुमची भाची उद्या सेनादलाकडून खेळली तर इंदूरची नाही का राहणार?

रामबागकर

फौजीसाहेब, इथंच माझा विरोध. खेळाडूचं भलं होतं हे खरं, पण राज्यांना फुकट सुटका मिळते. मुलगी सतरा-अठराची झाली की कुणीतरी घेऊन जाईल, मग आपण कशाला खर्च करा! भोपाळच्याच स्पर्धेत निखत तेलंगणाकडून आणि लवलिना आसामकडून जिंकल्या होत्या. दोन्ही राज्यांनी त्यांना पोलिसांत उपअधीक्षक केलं. राज्यानं ठरवलं तर ठेवता येतं. आपल्याकडे राज्याचा विक्रम क्रीडा पुरस्कार मिळाला की सरकारी नोकरी मिळते, पण तो मिळेपर्यंतची वर्षं कुणी काढायची?

दादांचा_आखाडा

रामबागकर, हरियाणाच लागतो असंही नाही पण. अरुंधती चौधरी राजस्थानातल्या कोट्याची. ज्या गावाला आपण पोरं आयआयटीच्या क्लासला पाठवतो, त्या गावातून २०२१ ला पोलंडमध्ये युवा जागतिक विजेती निघाली. ग्रेटर नोएडात ७० चं सुवर्णही तिचंच. त्याच २०२१ च्या संघात नागपूरची अल्फिया पठाण, ८१ वरील वजनात सुवर्ण. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये पुण्याची देविका घोरपडे, ५२ किलोत सुवर्ण. तिन्ही गावांना बॉक्सिंगची परंपरा आहे असं कुणी म्हणणार नाही. एक चांगला प्रशिक्षक आणि एक बरी रिंग एवढ्यावर हे झालं.

जॅब_आधी

दादा, इथंच थांबा. युवा गटात त्या वर्षी मुलींनी सात सुवर्णं आणली होती. सातपैकी वरिष्ठ गटात टिकल्या किती ते बघा. युवा विजेतेपद म्हणजे ऑलिंपिकचा दावा नाही. अल्फियाला तर नूपुरसारखाच प्रश्न, तिचं वजनच तिथं नाही. मी देविकाकडे लक्ष ठेवून आहे, कारण ५१-५४ मध्ये ती कुठे बसते हे अजून ठरायचंय. पण ५४ ला प्रीती आणि ५१ ला ती गर्दी. अवघड आहे.

सुनंदा_लोकमान्यनगर

अवघड आहे हे मला कळतं. पण मुलीला आठवीत सांगायचं का की तुझं वजन ऑलिंपिकमध्ये नसेल म्हणून? वाढीच्या वयात तिला वजन उतरवायला लावणारे आहेतच. प्लास्टिकचा सूट घालून दुपारी पळवतात पोरींना. मी स्वतः पाहिलंय. तुमच्या याद्या ऐकून उद्या तेच करतील.

दादांचा_आखाडा

ते गुन्हा आहे. वाढत्या मुलीनं वजनाप्रमाणे वर जावं, बस. प्रशिक्षक ऐकत नसेल तर बदला, मग कितीही नावाचा असो.

कृष्णपुरा_छत्री

सुनंदाताई, भाचीची काळजी घ्या, ऑलिंपिक पळून नाही चाललं. बाकी मंडळी, ५१ चं सांगा, कोण?

महूचा_फौजी

निखत. अंतर राखून खेळण्यात तिच्यासारखी नाही.

कृष्णपुरा_छत्री

मी मीनाक्षी म्हणतो, ४८ सोडून चढली तर. निखत लॉस एंजेलिसला बत्तीस वर्षांची असेल. मीनाक्षी पाचएक वर्षांनी लहान.

जॅब_आधी

पहिल्या वर्षी निखत. चढल्यावर अंगात ताकद मुरायला वेळ लागतो. २०२७ मध्ये परत विचारा.

रामबागकर

आणि २०२७ ला मीनाक्षीनं राष्ट्रीय स्पर्धेत निखतला हरवलं, तरी मूल्यमापनात निखत पुढे निघाली, तर संघात कोण? जॅबराव, उत्तर आत्ता द्या, तेव्हा नको.

जॅब_आधी

निखत. पात्रता स्पर्धा महिन्यावर असेल तर शंभर टक्के निखत. सहा महिने हाताशी असतील तर तुमची ती एक लढत लावा, माझी हरकत नाही.

रामबागकर

सहा महिने आधी ही स्पर्धा घ्यायला महासंघाला कुणी अडवलंय?