मदत हवी आहे: नवीन घर बांधतोय, पॅसिव्ह हाऊस की नेट झिरो?

नमस्कार मंडळी, प्लॅन जवळजवळ फायनल झालाय आणि आता एनर्जीचं कुठलं स्टँडर्ड धरायचं यावर गाडी अडलीये. आर्किटेक्ट म्हणतो नियमात बसेल एवढं केलं की झालं, पण मला ते पटत नाही कारण भिंती नि खिडक्या एकदा झाल्या की परत कोण फोडत बसणार, सोलर काय नंतरही टाकता येतं.

पॅसिव्ह हाऊसचं, म्हणजे भिंती-खिडक्याच इतक्या पक्क्या नि हवाबंद की गरम करायला वीज फारच कमी लागते अशा घराचं, बरंच वाचलं (पहिलं घर १९९१ चं, जर्मनीत डार्मश्टाटला). हीटिंगची गरज वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटच्या आत, आणि दारात पंखा बसवून ५० पास्कल प्रेशरला टेस्ट करतात तेव्हा तासाला घरातल्या एकूण हवेच्या जास्तीत जास्त ०.६ पटच हवा बदलली पाहिजे. म्हणजे स्विचबोर्डच्या मागची, पाइपच्या बाजूची फट न् फट बुजवायची, आणि मग ताज्या हवेसाठी हीट रिकव्हरीवालं (बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं) व्हेंटिलेशन आलंच.

नेट झिरोत वर्षभरात वापरली तेवढी वीज घरीच तयार केली की हिशोब जुळतो, पण मग फटींतून हवा गळणारं घर बांधून वर ढीगभर पॅनल लावले तरी पास, हे जरा चीटिंगच वाटतं मला.

ज्यांनी बांधलंय त्यांनी प्लीज सांगा, सर्टिफिकेट घेतलंत की नुसते आकडे पाळलेत? टेस्ट प्लास्टरच्या आधी केली की नंतर? उन्हाळ्यात घर तापतं का? आणि त्या व्हेंटिलेशनचा आवाज रात्री बेडरूममध्ये येतो का, बायकोची झोप फार सावध आहे हो.